सर्व्हे, सभा, चॅट की समोरासमोर? ऑफिसातला संवाद सुधारायला निघाला असाल तर

वार्षिक सर्व्हेच्या शेवटी एक रिकामी चौकट असते: ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ बरेच जण ती तशीच सोडून देतात. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या एचआरमध्ये होते, तेव्हा त्या चौकटीत एकाने लिहिलं होतं, ‘मागच्या वर्षी लिहिलं होतं तेच.’

मी मागच्या वर्षीची फाइल काढली. सर्व्हे निनावी, त्यामुळे माणूस कोण ते कळणार नव्हतं. पण त्या विभागातून आलेल्या नऊ अभिप्रायांपैकी चार एकाच गोष्टीबद्दल होते. सोमवारपासूनचा ड्युटीचा तक्ता शनिवारी संध्याकाळी लागतो, त्यामुळे घरचं काहीच ठरवता येत नाही. चौघांनी आपापल्या शब्दांत हेच लिहिलं होतं. वरिष्ठांपुढे गेलेल्या सादरीकरणात मात्र त्या विभागासमोर ‘समाधान : ३.६’ एवढाच आकडा होता, आणि ते सादरीकरण मीच केलं होतं. पुढे तक्ता गुरुवारी लागायला लागला. त्यासाठी सुपरवायझरला कुणाची परवानगीही घ्यावी लागली नाही. एक वर्ष फुकट गेलं, कारण ते चार अभिप्राय त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

तेव्हापासून संवादाचं कुठलंही साधन जोखताना मी आधी एक गोष्ट बघते : इथे कुणी बोललं तर त्याला उत्तर कोण देणार, आणि किती दिवसांत? खाली दिलेली तुलना याच कसोटीवर केली आहे. तुम्ही व्यवस्थापक असाल किंवा एचआरमध्ये असाल, आणि ‘यंदा संवादासाठी काहीतरी करू या’ असं वरून आलं असेल, तर पर्याय साधारण हेच असतात.

आधी ‘एंगेजमेंट’, म्हणजे माणसाचं कामात मनापासून गुंतणं, या शब्दाबद्दल थोडं. विल्यम कान या अभ्यासकाने १९९० मध्ये एका उन्हाळी शिबिरातल्या आणि एका वास्तुरचना कंपनीतल्या लोकांचा अभ्यास करून तीन गोष्टी मांडल्या. माणूस कामात जीव ओततो तो कधी? त्या कामाला अर्थ आहे असं वाटतं तेव्हा, मनातलं बोललं तर अंगाशी येणार नाही याची खात्री असते तेव्हा, आणि त्यासाठी लागणारं त्राण अंगात उरलेलं असतं तेव्हा. कुठलंही साधन या तिन्हींपैकी कशाला हात घालतं, हे विचारलं की निम्मे पर्याय आपोआप बाजूला पडतात.

वार्षिक सर्व्हे की महिन्याचा छोटा सर्व्हे

मोठ्या सर्व्हेचा खरा उपयोग म्हणजे कुठे दुखतंय ते कळतं. दहा विभागांपैकी दोन विभाग सारखे मागे पडताना दिसले, की लक्ष कुठे द्यायचं ते ठरतं. का दुखतंय, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावंच लागतं. प्रश्न साठ असले म्हणजे सर्व्हे सखोल होतो, असंही नाही. गॅलप या अमेरिकी पाहणी संस्थेची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली फक्त १२ प्रश्नांची आहे. त्यातला एक प्रश्न कामाच्या ठिकाणी जिवलग मित्र आहे का, असा आहे, आणि त्यावर पुष्कळ व्यवस्थापक नाक मुरडतात. मला तो प्रश्न आवडतो. नवीन माणूस ‘हे कसं करायचं?’ असं न लाजता कुणाला विचारू शकतो, याचं उत्तर त्यात सापडतं. याच गॅलपच्या पाहणीत २०२४ साली जगभरातले फक्त २१ टक्के कर्मचारी कामात मनापासून गुंतलेले आढळले. आदल्या वर्षी ते २३ टक्के होते.

महिन्याच्या छोट्या सर्व्हेत चार-पाच प्रश्न असतात आणि ते दोन मिनिटांत भरून होतात. बदल चालू असताना, म्हणजे नवी यंत्रणा येतेय किंवा दोन विभाग एकत्र होताहेत, तेव्हा तो फार कामाचा ठरतो. एरवी मात्र दर महिन्याला विचारायचं आणि दर महिन्याला गप्प बसायचं, असं झालं की लोकांचा विश्वास वर्षाला एकदाऐवजी बारा वेळा तुटतो. मागच्या सर्व्हेतून काय बदललं हे दोन ओळींत सांगता येत नसेल, तर पुढचा सर्व्हे पाठवू नका.

आणखी एक गोष्ट. टीम सहा जणांची असेल, तर ‘निनावी’ या शब्दावर कुणीही विश्वास ठेवत नाही. वय, लिंग आणि नोकरीची वर्षं विचारली, की नाव वेगळं विचारायची गरजच उरत नाही. म्हणून पाचपेक्षा कमी जणांच्या गटाचे निकाल वेगळे दाखवायचे नाहीत, असा दंडक बऱ्याच ठिकाणी असतो. तो तुमच्याकडे आहे का ते तपासा आणि लोकांना सर्व्हेच्या आधीच सांगा. ऑफिसात तीस-चाळीसच माणसं असतील तर माझ्या मते सर्व्हेच्या भानगडीत पडूच नये. एवढ्या लोकांशी बोलून होतं.

सगळ्यांची सभा की टीमची छोटी बैठक

पगाराची पद्धत बदलतेय, कंपनी विकली जातेय, कपात होणार आहे, अशी बातमी सगळ्यांना एकाच वेळी, एकाच तोंडून कळायला हवी. नाहीतर ती कानगोष्टींतून पसरते आणि दर कानागणिक तिखटमीठ वाढतं. यासाठी सभेला पर्याय नाही.

पण सभेत प्रश्न येत नाहीत. ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटलं की अळीमिळी गुपचिळी. दोन-तीनशे लोकांसमोर माइक हातात घेऊन ‘आमच्या विभागाचं काय?’ असं विचारायला छाती लागते. तेच प्रश्न अर्ध्या तासाने जिन्यात, पार्किंगमध्ये, डब्याच्या टेबलावर अगदी मोकळेपणाने विचारले जातात. तिथे उत्तर देणारं कुणी नसतं.

डाफ्ट आणि लेंगेल या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेली गोष्ट इथे लागू पडते. निरोप सरळ असेल तर लिहून पाठवला तरी चालतो. त्याचे अनेक अर्थ निघण्यासारखे असतील, तर चेहरा दिसेल आणि लगेच उलट विचारता येईल असं माध्यम हवं. म्हणून सभा झाली की त्याच दिवशी टीमच्या बैठका व्हायला हव्यात. आणि त्यात एक चूक मी वारंवार पाहिली आहे. टीमप्रमुखाला बातमी टीमबरोबरच कळते. मग लोक त्याच्याकडे बघतात आणि तो त्यांच्याकडे. त्याला निदान अर्धा दिवस आधी सांगा, अपेक्षित पाच-सहा प्रश्न लिहून द्या, आणि ‘हे मला आज माहीत नाही, गुरुवारपर्यंत सांगतो’ असं म्हणायची मुभा द्या. हे शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं, पण गुरुवारी उत्तर आलं तरच.

मेल की चॅट

यावर सर्वांत जास्त वाद होतात. माझ्या मते तेवढी या प्रश्नाची योग्यता नाही. स्लॅक हे ऑफिसातल्या चॅटचं अ‍ॅप २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, मायक्रोसॉफ्ट टीम्स २०१७ मध्ये आलं, आणि मेलचं ओझं कमी होईल असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मेल तेवढेच राहिले आणि वर चॅट आलं. ‘आहेस का?’ छाप चटकन विचारपूस चॅटवर करावी. निर्णय, तारीख आणि जबाबदारी मेलवर किंवा एका ठरलेल्या फाइलमध्ये असावी. ग्रुपवर झालेला निर्णय दोन दिवसांत शंभर मेसेजखाली गाडला जातो आणि सुट्टीवरून आलेल्या माणसाला तो कधीच सापडत नाही. एवढा एक नियम पाळला तर साधन कुठलंही चालेल.

खरा प्रश्न वेगळाच आहे. तुमच्याकडे संगणकासमोर न बसणारी माणसं किती? मशीनवर, वॉर्डात, गाडीवर, काउंटरवर उभं राहून काम करणाऱ्यांना कंपनीचा मेल असलाच तरी तो उघडायला सवड नसते. त्यांच्यासाठी पाळी बदलतानाची दहा मिनिटं आणि सूचनाफलक ही दोनच साधनं खरी आहेत. फलकाला एक साधी शिस्त लावा : प्रत्येक कागदावर लावल्याची तारीख, काढायची तारीख आणि ‘शंका असल्यास कुणाला विचारायचं’ त्याचं नाव. अशी तिसरी ओळ मी फार कमी फलकांवर पाहिली आहे. ती ओळ नसेल तर फलक फक्त बोलतो, ऐकत नाही.

सूचनापेटी की समोरासमोर

सूचनापेटीला हसू नये. कॅमेरे आणि फिल्म बनवणाऱ्या कोडॅकमध्ये १८९८ पासून कामगारांच्या सूचना घ्यायला सुरुवात झाली, आणि सुरुवातीच्या सूचनांपैकी एक होती खिडक्या धुवायची. उजेड येत नव्हता, आणि ते तिथे उभं राहून काम करणाऱ्यालाच दिसत होतं. टोयोटाने १९५१ मध्ये सुरू केलेली सूचनांची पद्धत अजून चालू आहे. ती टिकली, कारण सूचना वाचणारा माणूस ठरलेला असतो आणि सूचना देणाऱ्याला उत्तर मिळतं, नकार असला तरी. आपल्याकडची पेटी बहुधा इथेच मरते. किल्ली कुणाकडे आहे हेच सहा महिन्यांनी आठवत नाही.

तरी पेटी आणि समोरासमोरचं बोलणं यांत निवड करायची झाली, तर मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि ठामपणे. गॅलपच्याच विश्लेषणानुसार टीमटीममध्ये एंगेजमेंटचा जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के फरक थेट वरिष्ठामुळे पडतो. कंपनी तीच, पगाराची रचना तीच, कँटीन तेच, पण एका मजल्यावर माणसं टिकतात आणि दुसऱ्यावर टिकत नाहीत, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला आकड्यांशिवायही पटेल.

पण समोरासमोर बसलं की काम झालं, असं नसतं. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २० हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणाऱ्यांकडे ठरलेले प्रश्न होते. लोक उत्तर देत आणि पुन्हा आपल्या मनातल्या विषयाकडे वळत. शेवटी प्रश्न बाजूला ठेवून माणसाला जे बोलायचंय ते बोलू द्यायचं ठरलं आणि मुलाखती लांबत गेल्या. जवळपास शंभर वर्षं झाली, तरी अजून आपण फॉर्म पुढे ठेवूनच बसतो.

‘काही अडचण नाही ना?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नका. त्याचं उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे. समोरचा ‘नाही सर, सगळं ठीक’ म्हणतो आणि दोघंही सुटतात. त्याऐवजी विचारा : ‘या आठवड्यात कुठल्या कामात विनाकारण वेळ गेला?’ मी एका टीमप्रमुखाला हे करताना पाहिलं आहे. समोरची मुलगी आधी म्हणाली, ‘तसं काही नाही.’ तो गप्प राहिला, वहीत तारीख लिहीत बसला. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग ती म्हणाली, ‘ते मंजुरीचं... म्हणजे तीन जणांची सही लागते ना, त्यातले एक सर दर बुधवारी नसतातच.’ त्याने वहीत तेवढंच लिहिलं, खाली रेघ मारली, आणि पुढच्या भेटीत वही उघडून आधी त्याच ओळीवर बोट ठेवलं. ‘याचं असं झालं...’ सही तीनऐवजी दोघांची झाली नव्हती, फक्त बुधवारी दुसऱ्या कुणाची चालेल असं ठरलं होतं. पण तिसऱ्या भेटीत ती मुलगी स्वतःहून दोन गोष्टी लिहून घेऊन आली.

इथे एक सावधगिरीची सूचना. संवाद सुधारला की तक्रारी वाढतात. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. कारण तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. पहिल्या तीन महिन्यांत तक्रारींचा आकडा चढला म्हणून घाबरून उपक्रम बंद करू नका, आणि वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा.

उरलेले पर्याय

भिंती काढून मोकळं ऑफिस करावं असं कुणी सुचवेल. बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि लोक एकमेकांना जास्त मेल-मेसेज करू लागले. बोलणं वाढावं म्हणून एवढा खर्च करू नये. सहली, स्पर्धा आणि ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ हे सगळं आनंदाने करावं, पण ज्या टीममध्ये ड्युटीचा तक्ता वेळेवर लागत नाही तिथे ते उपकारासारखं वाटतं.

मग तुमच्यासाठी काय?

तीसपर्यंत माणसं असतील तर दर आठवड्याची छोटी बैठक आणि पंधरवड्याला प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणं, एवढंच पुरे. शंभर-दोनशेच्या पुढे गेलात की वर्षातून एक छोटा सर्व्हे हवाच, कारण सगळ्यांचे चेहरे आता तुम्हाला दिसत नाहीत. पण टीमप्रमुखांना ऐकायला शिकवायचा खर्च आधी करा, सर्व्हेच्या सॉफ्टवेअरचा नंतर. पाळ्यांत काम चालत असेल तर अ‍ॅपच्या आधी फलक आणि ती दहा मिनिटं ताळ्यावर आणा. घरून काम करणारे असतील तर स्वतंत्र बोलण्याची वेळ कधीही रद्द करू नका, पुढे ढकला. जिन्यातली भेट त्यांच्या वाट्याला येतच नाही.

टीमप्रमुख म्हणतील, ‘वेळ कुठाय?’ प्रश्न खरा आहे, त्याला खरं उत्तर द्या. आठ जणांशी पंधरवड्याला प्रत्येकी २५ मिनिटं म्हणजे २०० मिनिटं, तीन तास वीस मिनिटं. हा वेळ त्यांनी संध्याकाळी थांबून काढायचा असेल तर दोन महिन्यांत सगळं बंद पडेल. त्यांच्या कॅलेंडरातली कुठली बैठक काढून टाकायची ते तुम्ही ठरवा, आणि त्यांच्या देखत काढा.