कार्नेशनची दुबार पेरणी: एका पाकिटाचा चौदा महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ नसतो. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापलाय तो पाकिटावर छापलेल्या मजकुरासाठी. बियांबद्दल फारशी तक्रार नाही. पहिली पेरणी मातीत गेली, त्यात मात्र निम्मा दोष माझा.

घर लातूरला. मागं छोटंसं अंगण आणि वर गच्ची. मोगरा, शेवंती, गलांडा, जास्वंद, असं नेहमीचं सगळं आहे. कार्नेशनचं खूळ डोक्यात शिरलं ते शाळेतल्या एका निरोप समारंभातून. बुके घरी आणला होता. त्यातले गुलाब तिसऱ्या दिवशी माना टाकून बसले, निशिगंध पिवळा पडला, पण कातरलेल्या कडांची ती गुलाबी फुलं बारा दिवस जशीच्या तशी. म्हटलं, हे आपल्या अंगणात पाहिजे.

जून २०२४ मध्ये ऑनलाइन पाकीट मागवलं. १०० बिया, मिश्र रंग, १२० रुपये. वर नाव 'चाबॉड'. हे मूळ फ्रेंच नाव, उच्चार शाबो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तूलाँ गावात १९व्या शतकात तयार झालेला हा प्रकार, आणि बियांपासून त्याच वर्षी फूल देतो म्हणून घरच्या बागेसाठी विकला जातो. बुकेतलं कार्नेशन वेगळं. ते पॉलिहाऊसमध्ये छाटकलमांवर वाढवतात. त्या दुकानी फुलांच्या कितीतरी जातींचं मूळ अमेरिकेत विल्यम सिम यांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी काढलेल्या लाल फुलापर्यंत जातं. हे मला तेव्हा ठाऊक असतं, तर पाकिटावरच्या फोटोवर विश्वास ठेवला नसता. फोटो सरळ सरळ बुकेतल्या फुलाचा होता.

पाकिटावर ठळक अक्षरात 'वर्षभर केव्हाही पेरा' असं होतं. मृग निघाला होता, सगळं गाव पेरायच्या घाईत, मीही पेरलं. बिया मोजल्या तर ९४ निघाल्या. त्यातल्या ४० अंगणातल्या काळ्या मातीत, थोडं शेणखत मिसळून, पसरट कुंडीत टाकल्या. १९ उगवल्या. मग चार दिवस झड लागली. काळी माती पाणी पिऊन फुगली, वर शेवाळ धरलं, आणि एका सकाळी बघते तर रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण मातीला टेकलेला देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला. रोपकूज. मिरची-टोमॅटोची रोपं करणाऱ्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं असेल. दहा दिवसांत १९ची शून्य झाली.

आत्याबाई (माझ्या सासूबाई) दारात उभ्या राहून बघत होत्या. "आगं माय, ही रब्बीची चीज दिसतीय. मृगात कशाला पेरलीस?"

मी हसले. रात्री पडल्या पडल्या विचार केला तर बाईंचं बरोबर होतं. कार्नेशनचं बी १८ ते २१ अंश तापमानाला छान उगवतं, झाडाला थंड रात्र आणि स्वच्छ ऊन लागतं, मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. ही सगळी लक्षणं शाळू ज्वारीची नाहीत तर कशाची? उरलेल्या ५४ बिया पाकिटासकट छोट्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दुबार पेरणीची वाट बघत बसले.

३ ऑक्टोबरला घट बसले. घरात घटाच्या मातीत सात धान्यं पेरली, आणि त्याच दिवशी बाजूला माझा ट्रे भरला. या वेळी काळी माती बिलकूल नाही. भिजवून फुलवलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं, वर चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोपकूज रोखणारी उपयोगी बुरशी). बी काळं, चपटं, कागदाच्या कपच्यासारखं; फुंकर मारली तर उडतं. काडेपेटीच्या काडीचं टोक ओलं करून एकेक उचललं आणि एका खणात एक ठेवलं. वर दोन-तीन मिलिमीटर कोकोपीट भुरभुरलं, त्याहून जास्त नाही. ट्रे ठेवला ओसरीत रांजणाच्या कडेला, कारण घरातली सगळ्यात गार जागा तीच. पाणी फवाऱ्यानं, दिवसातून एकदा, तेही वरचा थर कोरडा दिसला तरच.

सहाव्या दिवशी पहिला कोंब. दसऱ्यापर्यंत घटातली ज्वारी वीतभर झाली होती आणि माझी रोपं नखाएवढी. आत्याबाईंनी दोन्हींकडं बघून मान हलवली, बोलल्या काही नाहीत. एकूण ३७ उगवली. चार महिने फ्रिजमध्ये पडलेल्या बियांसाठी हे वाईट नाही. कोंब दिसताच ट्रे सकाळच्या उन्हात नेला. आणखी दोन दिवस ओसरीत राहिला असता तर रोपं नुसती उंच सुटली असती.

मोठ्या कुंड्यांसाठी माती करताना बराच घोळ झाला. नेटवर सगळीकडं 'कार्नेशनला चुना घाला' असं लिहिलेलं सापडतं. तो सल्ला आंबट मातीच्या देशांतला. आपल्या काळ्या रानात मुळातच चुनखडी असते, वरून बोअरचं पाणी कुंडीच्या काठावर पांढरी खपली चढवतं. इथं आणखी चुना घातला तर नवी पानं पिवळी पडायची. मी चुना घातला नाही. शेवटी जमलं ते मिश्रण असं: एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं बारीक मुरूम. तांब्याभर पाणी ओतलं की डोळ्यांदेखत खालून टपकायला लागलं पाहिजे. नसेल टपकत तर अजून वाळू घाला. कुंड्या पुरल्या नाहीत म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यांना खाली खिळ्यानं भोकं पाडली, डब्यात तीन रोपं. दिवाळी उरकल्यावर २९ रोपं मोठ्या घरात गेली. मधली आठ मेली. तीन खारीनं उकरली, बाकीची माझ्या हातून काढताना मोडली.

दुसरी चूक पाण्याची. आमच्याकडं नळ रोज येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना फुलझाडाला स्वच्छ पाणी घालताना अजूनही हात आखडता घ्यावा वाटतो. म्हणून मी शहाणपणानं आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून घालायला लागले. तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या. त्या पाण्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात, आणि कुंडीत ते साठत जातात. मग ते बंद केलं आणि तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी सुरू केलं. एका दिवसाआड साधारण एक बादली सगळ्यांना पुरते. पाणी बुडाशीच, पानांवर नाही, आणि सकाळीच.

शेंडा खुडण्याबद्दल. पानांच्या पाच-सहा जोड्या झाल्या की वरचा शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फुटवे निघतात. जिवावर येतं, खरं सांगते. पन्नास दिवस जपलेल्या रोपाचा कोवळा शेंडा नखानं तोडायचा. मी नऊ रोपं तशीच ठेवली. त्यांना फूल दोन-अडीच आठवडे आधी आलं, पण एकच दांडी, तीही वाकडी. खुडलेल्यांना चार-पाच दांड्या. यंदा सगळ्यांचे शेंडे जाणार. आधाराला गावाकडच्या शेतातल्या तुराट्या आणल्या आणि सुतळीनं सैल बांधल्या. दुकानातल्या हिरव्या प्लास्टिकच्या काठ्यांपेक्षा बऱ्या, फुकट, आणि मोडल्या तर चुलीत.

येळवशीला (आमच्याकडं शेतात जेवायला जायची अमावास्या), ३० डिसेंबरला, सगळे शेतात गेलो. भज्जी-आंबील खाऊन हरभऱ्यात हिंडताना यांनी एक घाटा फोडून दाखवला, आत हिरवी अळी. तेव्हा काहीच वाटलं नाही. जानेवारीच्या शेवटी माझ्या कळ्यांना गोल गोल भोकं दिसायला लागली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तीच घाटेअळी! हरभरा, तूर, कापूस खाणारी ही अळी कार्नेशनच्या कळीचीही मोठी शत्रू आहे, आणि आपण तर तिच्या माहेरातच बाग केलेली. अर्धं अंग कळीच्या आत, अर्धं बाहेर, बुडाशी काळी लेंडकं. रात्री मोबाइलचा टॉर्च घेऊन हातानं वेचल्या, आठवड्यात ११. पाच टक्के निंबोळी अर्क दोनदा फवारला. वेचणीनं जास्त फरक पडला, असं माझं मत.

८ फेब्रुवारीला पहिलं फूल उमललं. गडद लाल, कडा कात्रीनं नक्षी कापल्यासारख्या. आत्याबाईंनी वाकून वास घेतला.

"लवंग घातलीस का गं ह्यात?"

घातली नव्हती. लवंगेत असतं तेच युजेनॉल या फुलातही असतं. दुकानातल्या कार्नेशनला हा वास जवळजवळ राहिलेला नाही. माझ्या नाकाला तरी त्या बुकेत काही आलं नव्हतं. माझ्या मते बियांपासून लावण्याचं सगळ्यात मोठं कारण हे एकच. महाशिवरात्रीपर्यंत अंगण भरलं. सिद्धेश्वराच्या जत्रेहून येताना पाहुणे आमच्याकडं डोकावले, तेव्हा बारा-तेरा झाडांवर एकदम फुलं होती.

आता खरं खरं. २६ झाडं फुलली, त्यातली सात एकेरी निघाली, पाच पाकळ्यांची. बियांच्या कार्नेशनमध्ये काही एकेरी निघणारच, पण पाकिटावर त्याचा शब्द नव्हता. दुहेरी फुलांचा आकारही चार-पाच सेंटिमीटर, फोटोत होता तसा तळहाताएवढा नव्हे. झाडं गुडघ्याच्याही खाली. आणि पहिल्या बहरातल्या कितीतरी फुलांचा हिरवा पेला एका बाजूनं फाटून पाकळ्या बाहेर लोंबल्या. दिवसा बत्तीस आणि पहाटे चौदा असा आपला फेब्रुवारी. दिवस-रात्रीच्या तापमानात इतका फरक पडला की पेला फुटतो. लेकीच्या वेणीचे बारके रबर कळी फुगायला लागताच पेल्याला चढवले, तेव्हा बरीच सावरली. रबर सैल हवा, घट्ट बसवलात तर कळी उमलतच नाही. दोन तशा घालवल्या.

कापलेली फुलं शाळेच्या कार्यालयात स्टीलच्या पेल्यात ठेवली, नऊ दिवस टिकली. घरी ठेवलेली मात्र दोन दिवसांत पाकळ्या आत ओढून झोपल्यासारखी झाली. टेबलावर शेजारीच पिकत घातलेली केळी होती. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशनला तो मुळीच सोसत नाही. फुलदाणी फळांपासून लांब ठेवा.

होळीनंतर ओसरायला लागलं. ऊन चढलं तशी फुलं लहान, रंग फिका, आणि पानांच्या खाली लाल कोळी. पाडव्याच्या आसपास शेवटचं धड फूल. पुढं हिरव्या जाळीखाली, उत्तरेच्या भिंतीला लावून जगवायचा खूप आटापिटा केला. मे महिन्यात चाळिशीच्या वरचं ऊन बसलं आणि कुंड्यांतली माती रात्रीसुद्धा गरम लागायची. जूनला पाच झाडं उरली, पावसात त्यातली दोन मर लागून गेली. ऑगस्ट २०२५ चालू आहे, तीन आहेत. काटक्या झाल्यात. मार्चमध्ये बगलफुटींची सहा कलमं लावली होती, त्यातलं एकही जगलं नाही. पुन्हा असला खटाटोप करणार नाही. पाडवा झाला की ज्वारीसारखं काढून घ्यायचं आणि कुंडीत मेथी टाकायची.

खर्च: बी १२०, कोकोपीटची वीट, ट्रायकोडर्मा आणि निंबोळी अर्क धरून पाचशेच्या आत. सव्वाशेच्या वर फुलं निघाली. मोजली कारण आत्याबाई रोज देवाला किती आणि मी शाळेत किती नेली यावर आमची रोज चर्चा व्हायची. ("देवाला चालतंय का हे इलायती फूल?" हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला, आणि उत्तर स्वतःच दिलं.)

विक्रेत्याला मी दोनदा लिहिलं: 'वर्षभर पेरा' काढा, एकेरी फुलं निघतील असं छापा, आणि पाकीट भरल्याची तारीख टाका. उत्तर आलं ते पाच तारे देण्याच्या विनंतीचं.

ज्यांच्या गच्चीवर सकाळचं चार-पाच तास ऊन येतं, रोज दहा मिनिटं बघायला वेळ आहे आणि फूल उशिरा आलं तर चिडचिड होत नाही, त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांना बुकेसारखं फूल हवंय त्यांनी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन विकतच आणावं.

मी दुसरं पाकीट घेतलंय, दुसऱ्या विक्रेत्याकडून. यंदा घट २२ सप्टेंबरला बसतायत, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा अकरा दिवस आधी, थंडीचे तेवढे दिवस जास्त मिळतील. परतीचा पाऊस असेल, पण ट्रे ओसरीतच राहणार आहे. काल फ्रिजमध्ये डबी दिसेना म्हणून शोधत होते. आत्याबाईंनी ती घटाच्या सात धान्यांच्या पुड्यांशेजारी, देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली होती. तिथं उकडतं हो, म्हटलं, आणि परत फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. त्यांनी धान्याच्या पुड्याही मागोमाग आणून दिल्या.