लोंबता पोडोकार्पस घेतला, त्या नर्सरीबद्दल

भूतानला पारोजवळच्या एका मठाबाहेर लोंबत्या फांद्यांचा काश्मीर सायप्रस हा सूचिपर्णी वृक्ष पाहिला आणि मनात घर करून बसला. सायप्रस हा तिथला राष्ट्रीय वृक्ष. नावात काश्मीर असलं तरी मूळचा भूतान-अरुणाचलकडचा. मुंबईत परतल्यावर १२०० रुपये देऊन ऑनलाइन रोप मागवलं. मेपर्यंत तगलं. जुलैच्या झडीत आतल्या फांद्या तपकिरी पडल्या, कुंडी उपडी केली तर मुळं काळी, कुजलेली. विकणाऱ्याने ‘कुठल्याही हवेत चालतं’ असं लिहिलं होतं. थंड डोंगरातल्या झाडाला बोरिवलीच्या दमट रात्री कशा सोसणार? फार वाईट वाटलं होतं मला.

पुढच्या वर्षी स्टेशनपलीकडच्या नर्सरीत गेले आणि तसंच झाड मागितलं. तिथले काका म्हणाले, “ताई, पैसे घेईन, पण जगायचं नाही. त्यापेक्षा हे बघा.” आणि लोंबता पोडोकार्पस दाखवला. हासुद्धा सूचिपर्णी गटातलाच, मूळ पूर्व आफ्रिकेचा, बारमाही हिरवा. पानं सुईसारखी टोचत नाहीत. लांबट, मऊ, आणि नवी पालवी पोपटी. काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कुणीच सांगितली नव्हती: बियांपासून केलेलं रोप सरळ वर जातं, फांदीच्या कलमाचं जास्त लोंबतं. म्हणून कलमाचंच निवडून दिलं. किंमत ६५० रुपये.

रोपासोबतची माती मात्र चिकट लाल होती, पाणी वर साचून राहायचं. हे त्यांनी सुधारायलाच हवं. मी घरी आणून ती बरीचशी झटकली. रेती, कोकोपीट आणि शेणखत मिसळलं, तळमजल्याच्या अंगणात वीतभर उंचवटा करून त्यावर लावलं. पावसाचं पाणी बुंध्याशी थांबू द्यायचं नाही, एवढं एक पथ्य पाळलं तर अर्धी काळजी मिटते. मधला शेंडा बांबूला सैल सुतळीने बांधलाय. आधार नसला तर झाड जमिनीकडेच पसरतं, उंची धरत नाही. सुतळी दर दोन-तीन महिन्यांनी सोडून पुन्हा बांधते, नाहीतर खोडात रुतते. उन्हाळ्यात वरची बोटभर माती सुकली की पाणी. पश्चिमेचं कडक ऊन पहिल्या वर्षी हिरव्या जाळीने अडवलं.

दोन पावसाळे झाले. झाड माझ्या खांद्याला लागलंय, वारा आला की सगळ्या फांद्या एकदम हलतात. सोसायटीतल्या मुली तिथेच भातुकली मांडतात, खालच्या फांद्या म्हणजे त्यांच्या घराचा पडदा. त्या फांद्या मी छाटणार नाही.

नर्सरीला जाणार असाल तर सकाळी जा, काका दुपारी नसतात. कलमाची रोपं मागे, सोनचाफ्याच्या रांगेपलीकडे ठेवलेली असतात. कलमाचंच द्या, असं स्पष्ट सांगा.