नमुना घ्या, पण ठेवायचा कुणाचा? डीएनए आणि बायोमेट्रिक धोरणांची तुलना

गुन्ह्याच्या तपासात डीएनए, बोटांचे ठसे आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा कितपत वापरू द्यायची, यावर मत द्यायची वेळ आली की माणसं चटकन दोन बाजूंना बसतात. 'ज्यानं काही केलं नाही त्यानं घाबरायचं कशाला?' ही एक बाजू. 'सरकारच्या हाती आपलं शरीर द्यायचंच नाही' ही दुसरी. कायद्याचा मसुदा हातात आला की या दोन्ही वाक्यांचा काही उपयोग होत नाही. तिथे प्रश्न असतात ते वेगळेच: नमुना कुणाचा घ्यायचा, कुणाच्या हुकमानं घ्यायचा, आणि प्रकरण संपल्यावर त्याचं करायचं काय? मत बनवायला बसलेल्यांसाठी पर्याय शेजारी शेजारी मांडते. माझा कल लपवत नाही: नमुना घेण्याला माझी फारशी हरकत नाही, ठेवून घेण्याला आहे.

ठसा, चेहरा, डीएनए: तिघांना एक कलम पुरत नाही

'बायोमेट्रिक माहिती' असा एकच शब्द वापरून तिन्ही गोष्टी एका पोत्यात भरलेल्या असतात. मसुदा वाचताना पहिली खूण तिथेच करा.

बोटाचा ठसा ओळखीपलीकडे काही सांगत नाही. आजार कोणता, बाप कोण, भाऊ किती, यातलं काही त्यात नसतं. त्याची अडचण जुळवणीत आहे. घटनास्थळी मिळणारा ठसा बरेचदा अर्धवट आणि पुसट असतो, आणि शेवटचा शब्द तज्ज्ञाच्या डोळ्यांचा असतो. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले. त्या प्रकरणात एका पिशवीवर सापडलेला ठसा अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या एका वकिलाचा आहे, असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितलं. स्पेनचे पोलीस 'जुळत नाही' म्हणत होते. वकील दोन आठवडे कोठडीत राहिला. ठसा भलत्याच माणसाचा निघाला आणि पुढे अमेरिकी सरकारला माफी मागून २० लाख डॉलर द्यावे लागले.

चेहऱ्याचं तंत्र याच्या उलट. इथे अंगाला हात लावावा लागत नाही, विचारावं लागत नाही, आणि आपलं छायाचित्र कुठल्या रांगेत लावून तपासलं गेलं ते आपल्याला कधीच कळत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१९ मध्ये चेहरे जुळवणाऱ्या बऱ्याच अल्गोरिदमांची, म्हणजे संगणकी पद्धतींची, चाचणी घेतली. त्यांतल्या पुष्कळांमध्ये आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांची भलत्याशीच जुळणी होण्याचं प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांच्या १० ते १०० पट निघालं. २०२० च्या जानेवारीत डेट्रॉइटमध्ये एका माणसाला बायको-मुलींसमोर अटक झाली. दुकानातल्या चोरीचं धूसर चित्रीकरण संगणकाला दाखवलं होतं आणि त्यानं या माणसाच्या मुदत संपलेल्या वाहन परवान्यावरचा फोटो पुढे केला होता. चोर दुसराच होता. २०२४ च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांना मान्य करावं लागलं, की केवळ चेहऱ्याच्या जुळणीवर कुणाला अटक करणार नाही. हे कलम कुठल्याही मसुद्यात जसंच्या तसं घालावं. चेहऱ्याची जुळणी म्हणजे खबऱ्यानं कानात सांगितलेलं नाव, त्याहून जास्त काही नाही.

डीएनएबद्दल थोडं जवळून बघायला हवं, कारण चर्चेत 'डीएनए' म्हणून दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते.

पहिली वस्तू म्हणजे प्रोफाइल. डीएनएच्या ठरावीक स्थानांवर काही अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एका स्थानावर आईकडून आलेल्या प्रतीत तो १५ वेळा असेल, वडिलांकडून आलेल्या प्रतीत १७ वेळा. अहवालात लिहितात १५, १७. अमेरिकेत २०१७ पासून अशी २० मुख्य स्थानं तपासतात. म्हणजे प्रोफाइल ही आकड्यांच्या जोड्यांची एक ओळ, कागदावर चार बोटं जागा घेणारी. दुसरी वस्तू म्हणजे खुद्द नमुना: गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा, लिफाफ्यात घालून सील केलेला. त्यात आजारांची शक्यता, वंश, नातीगोती, सगळं आहे. आज वाचता येतं तेही आणि वीस वर्षांनी वाचता येईल तेही. प्रोफाइल ठेवणारा कायदा आणि लिफाफा ठेवणारा कायदा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या कायद्यानुसार नमुना साधारण सहा महिन्यांत नष्ट करावा लागतो.

पर्याय पहिला: त्या गुन्ह्यापुरतं

संशयिताचा नमुना घ्यायचा, घटनास्थळच्या नमुन्याशी ताडून बघायचा, काम संपलं की संशयिताची प्रोफाइल आणि लिफाफा दोन्ही नष्ट. गुन्ह्याच्या तपासात हे तंत्र सुरू झालं तेच असं. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली आणि दोनच वर्षांनी शेजारच्या परिसरातल्या दोन मुलींच्या खुनांत ती वापरली गेली. तिचं पहिलं काम कुणाला पकडणं नव्हतं. सतरा वर्षांच्या एका मुलानं एका खुनाची कबुली दिली होती. डीएनएनं दाखवलं की तो नव्हेच. मग आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांकडून स्वेच्छेनं नमुने घेतले. खरा खुनी कॉलिन पिचफोर्क यानं आपल्याऐवजी सहकाऱ्याला पाठवलं, सहकारी पबमध्ये बोलून गेला, आणि १९८८ मध्ये पिचफोर्कला जन्मठेप झाली.

ही गोष्ट डीएनएचा विजय म्हणून सांगतात आणि तो आहेच. पण 'स्वेच्छेनं' या शब्दापाशी जरा थांबा. गावातले सगळे रांगेत उभे असताना जो येणार नाही, त्याच्याकडे पोलीस कसे बघतील? आणि शेजारी? असा नमुना नाकारणं हा पुरावा मानता येणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.

पर्याय दुसरा: दोष सिद्ध झालेल्यांचा साठा

यावर फार वाद नाही. न्यायालयात दोष सिद्ध झालाय, गुन्हा गंभीर आहे, पुन्हा करण्याची शक्यता आहे. प्रोफाइल ठेवण्याला कारण आहे. मुदतीचा प्रश्न मात्र इथेही उरतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्या उत्तर आयर्लंडमधल्या एकाची माहिती बेमुदत ठेवणं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०२० मध्ये चुकीचं ठरवलं. गुन्हा किरकोळ आणि ठेवण्याला शेवट नाही, ही त्यातली खोट.

पर्याय तिसरा: अटक झालेल्या सगळ्यांचा

खरी रस्सीखेच इथे आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं, की गंभीर गुन्ह्यात अटक केल्यावर गालातून नमुना घेणं हे ठसे आणि फोटो घेण्यासारखंच. त्याआधी २००८ मध्ये युरोपच्या न्यायालयानं एकमतानं उलट दिशा पकडली होती: निर्दोष सुटलेल्यांचे ठसे, नमुने आणि प्रोफाइल सरसकट ठेवणं हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग. त्यानंतर ब्रिटनला १७ लाखांहून अधिक प्रोफाइल पुसाव्या लागल्या. भारताचा २०२२ चा कायदा अटक झालेल्यांच्या नोंदी घेऊ देतो आणि त्या ७५ वर्षं ठेवतो. निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी नष्ट करायची तरतूद त्यात आहे, पण न्यायालयानं कारण नोंदवून ठेवायला सांगितलं तर त्या राहतात.

माझी अडचण अशी. दोष न्यायाधीश ठरवतो, अटक पोलीस ठरवतात. ज्या वस्तीत गस्त जास्त, तिथे अटका जास्त. अटका जास्त म्हणून नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून पुढच्या वेळी जुळणीही तिथलीच. भरीला, अर्धवट जुळणीवरून नातेवाइकांपर्यंत पोहोचण्याची पद्धत वापरली तर ज्यांना कधी अटकही झाली नाही असे भाऊ आणि मुलंही त्या साठ्यात येऊन बसतात, फक्त त्यांची नावं लिहिलेली नसतात.

पर्याय चौथा: सगळ्यांचाच

ऐकायला भयंकर वाटतं, पण तिसऱ्यापेक्षा हा प्रामाणिक आहे, असं मला वाटतं. कुणाची निवड नाही, म्हणून भेदभाव नाही. कुवेतनं २०१५ मध्ये रहिवासी आणि पाहुणे अशा सगळ्यांचा डीएनए घेण्याचा कायदा केला; २०१७ मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयानं तो रद्द केला.

समतेची बाजू मान्य करूनही गणित आड येतं. घटनास्थळचा नमुना खराब आहे, काहीच स्थानं वाचता आली आणि असा योगायोग दहा लाखांत एकाचा होतो, असं समजा. साठ्यात पन्नास लाख माणसं असली तर निव्वळ योगायोगानं पाच जण जुळतील. त्यांतल्या एकाला कोर्टात उभं करून 'हा निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक' म्हणणं ही शुद्ध फसगत आहे. तसाच जुळणारे आणखी चार जण बाहेर आहेत. हे पुस्तकी नाही. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये एका घरफोडीचा नमुना सहा स्थानांवर एका माणसाशी जुळला. योगायोगाची शक्यता ३ कोटी ७० लाखांत एक, असं सांगण्यात आलं. माणूस पार्किन्सन्सचा रुग्ण, आधाराशिवाय चार पावलं टाकणं कठीण, राहायला तीनशे किलोमीटरवर. त्याच्या वकिलानं आग्रह धरून दहा स्थानांची तपासणी करवली तेव्हा तो सुटला.

मागचं दार

या चारांत न बसणारा एक रस्ता आहे आणि तो कायद्याच्या आधी वापरात आला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो या जुन्या मालिका-खुन्याला पकडलं, ते पूर्वज शोधायच्या जेडमॅच या संकेतस्थळावर त्याचे दूरचे नातेवाईक सापडले म्हणून. त्यानं स्वतः तिथे काही दिलं नव्हतं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं, की सुमारे १३ लाख लोकांचा साठा असला तर युरोपीय वंशाच्या साधारण ६० टक्के अमेरिकनांचा तिसऱ्या फळीतला (खापरपणजोबा एकच असलेला) चुलत-मावस भाऊ किंवा त्याहून जवळचा कुणी त्यात सापडतो. म्हणजे चुलत भावानं हौसेनं थुंकी पाठवली की संमती तुमचीही धरली गेली! खून-बलात्काराच्या न उलगडलेल्या प्रकरणांपुरता, न्यायाधीशाच्या हुकमानं हा मार्ग ठेवायला मी तयार आहे. दुकानातल्या चोरीसाठी मुळीच नाही.

सगळ्या पर्यायांना लागू पडणाऱ्या दोन गोष्टी

एक: ज्या कामासाठी दिलं त्याच कामासाठी. स्वीडनमध्ये १९७५ पासून नवजात बाळांच्या रक्ताचे थेंब आजार तपासायला जपून ठेवतात. २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री ॲना लिंड यांच्या खुनाच्या तपासात पोलिसांनी त्यातूनच संशयिताचा नमुना मिळवला. गुन्हेगार सापडला, हे खरं; पण आईनं टाचेतून रक्त घेऊ दिलं होतं ते बाळाच्या आजारासाठी. त्याहून वाईट प्रकार २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उघडकीला आला: बलात्काराची तक्रार करताना एका स्त्रीनं दिलेला नमुना काही वर्षांनी तिच्याचविरुद्ध, मालमत्तेच्या गुन्ह्यात वापरला गेला. पुढच्या बाईनं तपासणीला का यावं? कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी हे बंद करणारा कायदा केला.

दोन: डीएनए 'कुणाचा' एवढंच सांगतो. कसा आला, केव्हा आला, यावर तो गप्प असतो. जर्मनीत आणि शेजारच्या देशांत एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए सुमारे चाळीस गुन्ह्यांत सापडत होता. वर्षानुवर्षं तिचा पाठलाग झाला. २००९ मध्ये कळलं की ती कापसाचे बोळे बनवणाऱ्या कारखान्यातली कामगार. बोळेच दूषित होते. म्हणून आरोपीच्या बाजूला स्वतंत्र फेरतपासणीचा हक्क, आणि तो परवडत नसेल तर सरकारी खर्चानं, हे कलम नसलेल्या मसुद्याला मी तरी होकार देणार नाही.

फेरतपासणीसाठी काहीतरी शिल्लक राहायला हवं, आणि इथे माझा 'ठेवू नका' उलटा होतो. अमेरिकेत १९८९ पासून साडेतीनशेहून अधिक शिक्षा झालेली माणसं डीएनएमुळे निर्दोष ठरली. बहुतेकांना प्रत्यक्षदर्शीच्या चुकीच्या ओळखीनं आत पाठवलं होतं. ती सुटली, कारण घटनास्थळचा मुद्देमाल कुणीतरी फेकला नव्हता. तेव्हा मुद्देमाल वर्षानुवर्षं सांभाळा, निर्दोष माणसाचा लिफाफा जाळून टाका. बरेच मसुदे नेमकं उलटं करतात.

माझी निवड: दुसरा पर्याय मुदतीसह, पहिला कायम उघडा, तिसरा फक्त खटला संपेपर्यंत, चौथा नको. तुमची वेगळी असू शकते. मसुदा वाचताना मात्र नष्ट करण्याचं कलम शोधा आणि त्यात 'आपोआप' लिहिलंय की 'अर्ज केल्यास', ते बघा. निर्दोषांच्या नोंदींबद्दल युरोपच्या न्यायालयात गेलेल्या त्या प्रकरणातला एक अर्जदार अटकेच्या वेळी अकरा वर्षांचा होता. २००१ च्या जानेवारीत त्याला पकडलं, जूनमध्ये तो निर्दोष सुटला. आपले ठसे आणि नमुना नष्ट करा, अशी मागणी त्यानं केली होती. पोलीस नाही म्हणाले, आणि निकाल त्याच्या बाजूनं लागायला २००८ चा डिसेंबर उजाडला.