घोड्याची ‘टेस्टो बूस्टर’ पावडर: एक स्टार, तोही डब्याच्या झाकणासाठी

ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण हेच लेबल दोन-तीन नावांनी फिरतंय, पण ज्यांचे घोडे पुण्याच्या आसपासच्या रायडिंग क्लबात आहेत त्यांना लगेच कळेल कुठल्या काळ्या डब्याबद्दल बोलतोय, वर उधळलेला घोडा आणि खाली सोनेरी अक्षरात ‘१०० टक्के नॅचरल’. कॅम्पातल्या एका दुकानात मिळाला, तीन किलो, किंमत सात हजाराच्या घरात. आमचा घोडा खच्ची केलेला, म्हणजे गेल्डिंग, थोडंफार शो जंपिंग करतो, पावसाळ्यात काम कमी झालं की पाठीवरचं मांस उतरतं, तर क्लबातल्या एकाने सांगितलं हे चालू कर, महिन्यात घोडा भरेल. चालू केलं नाही, करणारही नाही. मग न देताच रिव्ह्यू कसला म्हणाल तर लेबल आणि दुकानदार हे दोनच पुरेसे आहेत.

आधी चांगलं सांगून टाकतो. झाकण घट्ट, पुण्याच्या पावसात पण पावडर सुटसुटीत राहिली, आत मोजायचा चमचा आहे, वास थेट मेथीच्या लाडवासारखा. शेजारच्या घोडीने झाकण उघडल्या उघडल्या दारावरून मान काढली, म्हणजे चंदीत मिसळली तर तोबऱ्यात शिल्लक राहणार नाही. संपलं कौतुक.

घटकांच्या यादीत गॅमा ओरायझॅनॉल पहिलं. हे भाताच्या कोंड्याच्या तेलातून निघतं, स्नायू वाढवणारं नैसर्गिक काहीतरी म्हणून वर्षानुवर्षं विकतात, पण घोड्याच्या अंगात जाऊन त्याचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हॉर्मोन, होत नाही. पुढे मेथी, आणि मग ‘खास हर्बल मिश्रण’, त्यात काय आणि किती ते गुपित. बॅच नंबर आहे पण शाई बोटाने पुसली जाते. कागद मागितला तर दुकानदाराने प्रोटीन आणि ओलाव्याचा रिपोर्ट दाखवला, स्टेरॉइडची टेस्ट केल्याचा काहीच उल्लेख नाही. वर म्हणाला, ‘साहेब, डोप टेस्टमध्ये येत नाही, गॅरंटी माझी.’

आता इथे जरा थांबा. गेल्डिंगचे वृषणच काढलेले असतात, त्यामुळे त्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन अगदी नावापुरतं. म्हणून डोप टेस्टसाठी लघवीत त्याची मर्यादा एका मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ठेवलीये, नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. घोडीला ५५, तेही ती गाभण नसेल तर. मग ही पावडर खरंच टेस्टोस्टेरॉन वाढवत असेल तर गेल्डिंगमध्ये सगळ्यात आधी दिसणार, आणि टेस्टमध्ये दिसतच नसेल तर सात हजार कशाचे घेतले हो दादा? हा प्रश्न विचारल्यावर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

खरी गुंतागुंत खच्ची न केलेल्या घोड्यात असते. त्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन भरपूर, आणि नॅन्ड्रोलोन, बोल्डेनोन ही ज्यांची इंजेक्शनं मिळतात तीच स्टेरॉइडं त्याच्या अंगात आपोआपही थोडी असतात. म्हणून तिथे नुसतं सापडलं की दोषी असं करता येत नाही, बोल्डेनोनला १५ नॅनोग्रॅमची मर्यादा आहे आणि नॅन्ड्रोलोनसाठी त्याच्याशी संबंधित एक द्रव्य मोजतात, ४५ ची मर्यादा. लोकांना वाटतं चला, इथे लपवता येईल. पण इंजेक्शनमधलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक वेळा एस्टर रूपात, म्हणजे दुसरं रसायन जोडून, असतं, प्रोपिओनेट वगैरे, आणि असं एस्टर घोड्याचं शरीर स्वतः बनवत नाही. ते रक्तात किंवा केसात सापडलं की ‘आमचा घोडा मुळातच गरम आहे’ ही सबब संपली.

केसांचं तर मला फारच आवडलं. आयाळीचा केस महिन्याला साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो, मग मुळापासून तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंच्या वजनावरून द्रव्य ओळखणारं यंत्र) तपासले की औषध अंदाजे कधी दिलं तेही कळू शकतं, लघवी साफ होऊन महिने झाले तरी. फक्त काळ्या केसात औषध जास्त धरून राहतं आणि पांढऱ्यात कमी, त्यामुळे केसात नाही म्हणजे दिलंच नाही असं छातीठोक म्हणता येत नाही.

पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी सीझनमध्ये रेसनंतर घोड्याला नमुन्यासाठी नेतात, सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा, शीळ घालत उभा राहतो, घोडा लघवी करेपर्यंत सगळे ताटकळत. नमुन्याचे ए आणि बी असे दोन भाग होऊन सील लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप टेस्टिंग लॅबमध्ये माणसांसोबत घोड्यांचेही नमुने तपासतात. रेसच्या दिवशी साफ असलं की झालं हा हिशोबही जुना झाला. २०१३ मध्ये इंग्लंडात न्यूमार्केटला गोडॉल्फिनच्या, म्हणजे दुबईच्या शेखच्या रेसच्या घोड्यांच्या, तबेल्यात, रेस नसताना, ४५ घोड्यांचे नमुने घेतले, ११ पॉझिटिव्ह, एथिलएस्ट्रेनॉल आणि स्टॅनोझोलॉल ही स्टेरॉइडं. ट्रेनर महमूद अल झरूनी, ८ वर्षं बंदी. एवढा पैसा, एवढे व्हेट, तरी सुटले नाहीत, आणि आपल्याला हा गॅरंटी देतोय.

बरं, हॉर्मोन म्हटलं की सगळंच डोपिंग असंही नाही हं. घोडीला माजाच्या काळात त्रास असेल तर अल्ट्रेनोजेस्ट हे हॉर्मोनचं औषध एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ) स्पर्धेत चालतं, पण फक्त घोडीला आणि रीतसर फॉर्म भरून. ते औषध आहे, मात्रा माहीत आहे, व्हेटच्या सहीने येतं. डब्यातल्या गुपित मिश्रणाचं तसं काय आहे? समजा त्यात कोणी खरंच स्टेरॉइड मिसळलं असेल तर गेल्डिंग खच्ची न केलेल्या घोड्यासारखा माजात येऊन चावायला लागेल, आणि नमुना पॉझिटिव्ह आला की जबाबदारी रायडरची, रेसमध्ये ट्रेनरची. ‘लेबलवर लिहिलं नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. दुकानदाराचं नाव त्या कागदावर कुठेच येत नाही.

उघडलेला डबा दुकानाने परत घेतला नाही, बिलामागे तसं छापलंय म्हणे, पुण्यातच आहोत आपण. डबा तसाच ठेवलाय, क्लबात अजून कोणी घेतलीच असेल आणि पुढे काही निघालं तर त्याच बॅचचा नमुना हाताशी असलेला बरा. तुम्ही कुठलंही सप्लिमेंट देत असाल तर प्रत्येक बॅचमधलं मूठभर, बिलासकट, बाजूला काढून ठेवत जा.

त्याच पैशात आमच्या व्हेटने दात घासून दिले (मागच्या दाढेला टोक आलेलं, चावता येत नव्हतं म्हणून वाळत होता), लसूणघास वाढवली, आणि सईसाला सांगून रोज चढावर चालवतोय. पाठ भरायला लागलीये. त्या दुकानात खरारा, नाल, लगाम वगैरे घ्यायला खुशाल जा, तो माल चांगला आहे आणि दोनदा मागितलं की पार्किंगची पावतीही देतात.