चलन हातात होते, कर मात्र तिजोरीत गेलाच नव्हता

दर महिन्याला कराची रक्कम आमच्या बँक खात्यातून जात होती, चलनाची, म्हणजे कर भरण्याच्या सरकारी फॉर्मची, छापील प्रत फायलीत लागत होती आणि जीएसटीच्या पोर्टलवर आमच्या नावापुढे रिटर्न भरल्याची नोंदही दिसत होती. तरीही दोन आर्थिक वर्षांतील आमच्या कराचा मोठा भाग सरकारकडे पोहोचलाच नाही. ज्या गृहस्थांकडे आम्ही हिशेब आणि रिटर्नचे काम सोपवले होते, त्यांनी तो स्वतःकडे ठेवला. हे कोणत्या मार्गाने करता येते, हे लहान उद्योजकांना क्वचितच ठाऊक असते, म्हणून सर्व तपशील लिहीत आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्हा दोघा भावांचे वडिलांच्या काळापासूनचे छोटे मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग विकत घ्यायचे, लेथ आणि ड्रिलवर त्याचे यंत्रण करायचे आणि तयार सुटे भाग शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांना विकायचे, असे आमचे काम. आमच्या मालावर १८ टक्के जीएसटी आहे. आमचे ग्राहक मोठे असल्यामुळे त्यांना आमच्या बिलाचे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची स्वतःच्या करातून मिळणारी वजावट) दर महिन्याला हवे असते, म्हणून तिमाही रिटर्नची सोय उपलब्ध असूनही आम्ही मासिक पद्धतच ठेवली होती. कीर्द-खतावणी, टॅलीतील नोंदी, रिटर्न आणि कराचा भरणा ही चारही कामे एकाच माणसाकडे होती. उद्यमनगरातील अनेक कारखान्यांत आजही तसेच आहे. हे गृहस्थ सनदी लेखापाल नव्हते; दारावर ‘कर सल्लागार’ अशी पाटी होती, बोलणे आर्जवी होते आणि वडिलांच्या ओळखीतून ते आले होते. “मालक, तुम्ही मशीनकडं बघा, कागदाचं मी बघतो,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते.

त्यांची पद्धत एका नमुन्याच्या महिन्यावरून सांगतो. समजा, महिन्याची विक्री पाच लाख रुपये आहे. त्यावर ९०,००० रुपये कर होतो. कास्टिंग, टूल्स वगैरे खरेदीवर आम्ही भरलेल्या कराचे क्रेडिट ५५,००० रुपये. उरलेले ३५,००० रुपये रोखीने, म्हणजे चलनाद्वारे, भरायचे. हा हिशेब ते आम्हाला अगदी बरोबर दाखवत. रक्कमही बरोबर सांगत. फक्त “सगळ्या पार्ट्यांचं एकदम भरतो, तुम्ही माझ्या खात्यावर टाका,” असे म्हणून ती स्वतःच्या खात्यात घेत. त्यानंतर जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या देय कराचे रिटर्न, भरताना क्रेडिटच्या रकान्यात ५५,००० ऐवजी ८७,००० लिहीत आणि ३,००० रुपयांचेच चलन खरोखर भरत. देय कर क्रेडिटमधून वळता झाल्यामुळे रिटर्न विनातक्रार दाखल होत असे आणि ३२,००० रुपये त्यांच्या खिशात राहत.

हे शक्य होते, कारण जीएसटीआर-३बी मध्ये क्रेडिटची रक्कम एकगठ्ठा लिहिली जाते, बिलवार नव्हे. पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होते आणि १ जानेवारी २०२२ पासून त्यात दिसणाऱ्या बिलांचेच क्रेडिट घेता येते, असा कायदा आहे. मात्र ३बी मध्ये आपोआप आलेला आकडा बदलण्याची मुभा होती आणि तिचाच त्यांनी उपयोग केला. दुसरीकडे विक्रीची माहिती देणारा जीएसटीआर-१ ते ११ तारखेच्या आत आणि पूर्णपणे अचूक भरत, कारण तो चुकला असता तर आमच्या ग्राहकांना क्रेडिट मिळाले नसते आणि त्याच आठवड्यात कारखान्यांच्या परचेस विभागातून फोन आले असते. जिथे बाहेरच्या माणसाचे लक्ष होते तिथे काम चोख होते. जिथे फक्त आमचा आणि सरकारचा संबंध होता तिथेच चोरी होती.

आता चलनाविषयी, कारण माझ्या मते सर्वाधिक लोक इथेच फसतात. पोर्टलवर कोणीही लॉगिन करून हव्या त्या रकमेचे चलन तयार करू शकतो. त्यावर आपला जीएसटी क्रमांक, नाव, कराची विभागणी आणि सीपीआयएन नावाचा १४ अंकी क्रमांक असतो, आणि कागद पूर्णपणे अस्सल सरकारी दिसतो, कारण तो अस्सलच असतो. पण ते पैसे भरल्याचे प्रमाण नव्हे. ते केवळ भरण्याची तयारी आहे, आणि १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर त्या चलनाची मुदत संपते. पैसे खरोखर जमा झाल्यावर बँकेकडून सीआयएन हा भरणा झाल्याचा १७ अंकी क्रमांक मिळतो आणि रक्कम आपल्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरील आपल्या रोख भरण्याच्या खात्यात, दिसते. आमच्या फायलीत दर महिन्याला ३५,००० रुपयांच्या आसपासचे चलन लागत होते. त्या प्रत्येकावर सीपीआयएन होता, सीआयएन एकावरही नव्हता. ही तपासणी करण्यासाठी लॉगिनही लागत नाही. पोर्टलच्या पहिल्याच पानावरून पेमेंटची स्थिती पाहण्याची सोय आहे. तिथे जीएसटी क्रमांक आणि सीपीआयएन टाकला की चलन भरले आहे की नुसते तयार झाले आहे, हे लगेच कळते.

पोर्टलवर जीएसटी क्रमांक टाकून कोणाचेही रिटर्न दाखल झाले आहे की नाही हे पाहता येते, आणि बरेच व्यापारी तेवढ्यावर समाधान मानतात. त्या तक्त्यात फक्त दाखल केल्याची तारीख असते. किती कर रोखीने भरला आणि किती क्रेडिटमधून वळता केला, हे तिथे दिसत नाही. ते पाहायचे तर लॉगिन करून कॅश लेजर आणि क्रेडिट लेजर उघडावे लागते, आणि लॉगिन त्यांच्या ताब्यात होते. नोंदणीच्या वेळी त्यांनी आमच्या मोबाईल क्रमांकाऐवजी स्वतःचा क्रमांक आणि स्वतःच तयार केलेला ईमेल दिला होता. त्यामुळे रिटर्न भरतानाचा ओटीपी त्यांच्याकडे जाई आणि विभागाच्या सूचनाही त्यांच्याकडेच जात.

त्यातून पुढचे सर्व नुकसान झाले. ३बी आणि २बी मधील तफावतीबद्दल विभागाने आधी एएसएमटी-१० ही विचारणा पाठवली. उत्तर गेले नाही. मग डीआरसी-०१ ही कारणे दाखवा नोटीस आली. तिलाही उत्तर गेले नाही. शेवटी डीआरसी-०७ हा देणे ठरवणारा एकतर्फी आदेश निघाला. हे तिन्ही कागद पोर्टलवर होते, आणि कायद्यानुसार पोर्टलवर किंवा नोंदणीकृत ईमेलवर आलेली नोटीस ही बजावलेली नोटीसच मानली जाते. आम्हाला या सगळ्याचा पत्ता लागला तो कामगारांच्या पगाराच्या दिवशी, बँकेने चालू खात्यातून पैसे काढू देण्यास नकार दिला तेव्हा. विभागाने बँकेला डीआरसी-१३ पाठवून आमच्या खात्यातील रकमेवर टाच आणली होती. त्या गृहस्थांना फोन लावला तेव्हा “मालक, सिस्टीमची चूक आहे, दोन दिवसांत निघंल,” असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर फोन बंद झाला.

नोटीस वेळेत हाती न पडण्याची किंमत किती असते, हे वरच्याच आकड्यांवरून पाहावे. फसवणुकीचा हेतू नसलेल्या प्रकरणांत जीएसटी कायद्याच्या कलम ७३ नुसार नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत कर आणि व्याज भरले तर दंड लागत नाही. आदेश निघाल्यानंतर मात्र एकूण कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यांपैकी जास्त असेल तो दंड लागतो. व्याज वर्षाला १८ टक्के. म्हणजे त्या एका महिन्याच्या ३२,००० रुपयांवर दोन वर्षांचे व्याज ११,५२० रुपये आणि १० टक्क्यांप्रमाणे दंड ३,२०० रुपये (१०,००० ची तुलना एका महिन्याशी नव्हे, एकूण कराशी होते) धरले, तर सरकारला ४६,७२० रुपये द्यायचे. आणि त्याआधी त्याच महिन्यासाठी ३५,००० रुपये त्या माणसाच्या खात्यात गेलेले आहेतच. असे अनेक महिने होते.

“आम्ही पैसे दिले होते, याचा पुरावा आहे,” हे सांगून काही उपयोग होत नाही. करदाता म्हणून नोंदणी आमच्या नावावर आहे, त्यामुळे देणे आमचेच आहे. मधल्या माणसाने अपहार केला हा आमच्यातील आणि त्याच्यातील प्रश्न ठरतो. व्हॅटच्या काळातही कायद्याचा कल असाच होता. पुरवठादाराला कर दिलेला असूनही तो सरकारी तिजोरीत जमा झाला नसेल तर खरेदीदाराला वजावट नाही, या महाराष्ट्र मूल्यवर्धित कर कायद्याच्या कलम ४८(५) ला आव्हान देणारे एक प्रकरण आपल्या कोल्हापूरच्याच कापूस जिनिंग व्यवसायातील फर्मने लढवले होते आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. जीएसटीच्या कलम १६ मध्येही करभरणा प्रत्यक्ष झालेला असण्याची अट आहे. प्रामाणिक माणसाला हे अन्यायकारक वाटते आणि मलाही वाटते; पण खाते गोठलेले असताना त्या भावनेवर पगार निघत नाहीत.

आम्ही नव्या सल्लागार बाईंकडे गेलो. त्या सनदी लेखापाल आहेत. त्यांनी सर्वप्रथम लॉगिन सोडवून घ्यायला सांगितले. त्यासाठी ज्या अधिकाऱ्याच्या कक्षेत आपली नोंदणी येते त्याच्याकडे मालकाने स्वतः ओळखीचे आणि व्यवसायाचे पुरावे घेऊन अर्ज करायचा असतो. अधिकारी खातरजमा करून नवा ईमेल व मोबाईल क्रमांक नोंदवतो आणि तात्पुरता पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. हे काम वाटते तितके अवघड नाही, आणि कार्यालयातील वागणूक सौजन्याची होती, हेही नमूद केले पाहिजे. त्यानंतर अपील. आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत अपील करता येते आणि सबळ कारण असल्यास आणखी एक महिना मिळतो. आमचे तीन महिने उलटले होते, त्या वाढीव महिन्यातच काम करावे लागले. मान्य असलेला कर व्याज-दंडासह पूर्ण भरून आणि वादातील कराच्या १० टक्के रक्कम भरून अपील दाखल झाले, तेव्हा उरलेली वसुली थांबली व खाते मोकळे झाले. मूळ कर माफ होईल अशी अपेक्षा नव्हती आणि नाही. पण आमच्या काही पुरवठादारांनी बिले पुढच्या आर्थिक वर्षात दाखवल्यामुळे आमचे खरे क्रेडिटही आदेशात नाकारले गेले होते. वाद तेवढ्याचाच आहे.

पोलिसांतही तक्रार दिली आहे. तिथे उपयोगी पडले ते बँकेचे उतारे, कारण प्रत्येक रक्कम त्यांच्या वैयक्तिक खात्यात गेल्याचे त्यात स्पष्ट आहे, आणि चलनाच्या छायाचित्रांसह “भरलंय” असे लिहिलेले त्यांचे व्हॉट्सअॅप संदेश. आमच्यासारखेच फसलेले आणखी काही जण नंतर भेटले. त्यांच्यापैकी ज्यांनी पैसे रोखीने दिले होते, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. एका गॅरेजवाल्या आण्णांचे तर रिटर्नच भरले गेले नव्हते. सलग सहा महिने रिटर्न न भरल्यामुळे त्यांची नोंदणी रद्द झाली, आणि त्यांना ते एका ग्राहकाने बिल परत पाठवल्यावर समजले.

टॅलीतील नोंदींबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आमच्या पुस्तकांत जीएसटी देय खाते दर महिन्याला शून्यावर येत होते, कारण त्या गृहस्थांच्या खात्यात गेलेली रक्कम तेच ‘जीएसटी भरणा’ म्हणून लिहीत. पुस्तक जुळणे म्हणजे कर भरला जाणे नव्हे. खरा ताळा पुस्तकाबाहेरच्या दोन कागदांशी घ्यावा लागतो: बँकेच्या उताऱ्यात पैसे कोणाच्या नावे गेले, आणि पोर्टलच्या कॅश लेजरमध्ये तीच रक्कम त्याच तारखेला आली का. आता हे काम माझा धाकटा भाऊ दर महिन्याला, ३बी च्या मुदतीची २० तारीख उलटली की, स्वतः करतो. चलन सल्लागारांच्या कार्यालयात तयार होते, पैसे मात्र आमच्या नेटबँकिंगमधून थेट सरकारकडे जातात आणि ओटीपी आमच्या मोबाईलवर येतो. ३बी दाखल करण्याआधी त्यातील क्रेडिटचा आकडा २बी शी ताडून पाहिल्याशिवाय तो ओटीपी आम्ही देत नाही. नोटिसा पाहताना पोर्टलवर ‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘अॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ अशी दोन वेगळी पाने आहेत, हे लक्षात ठेवावे. आमचे काही कागद दुसऱ्या पानावर होते.

हे वाचून कोणी आपले लेजर उघडले आणि त्यात अशीच तफावत सापडली, तर नोटिशीची वाट पाहू नये. नोटीस येण्यापूर्वी कर आणि व्याज डीआरसी-०३ या फॉर्मद्वारे स्वतःहून भरले, तर हेतुपुरस्सर चुकवेगिरी नसलेल्या प्रकरणात दंड लागत नाही. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना लागू असलेल्या कलम ७४अ मध्येही ही सवलत आहे, आणि तिथे नोटीस आल्यावर ६० दिवसांपर्यंत ती मिळते. भरणा करण्याआधी सर्व लेजर, दाखल झालेली रिटर्न आणि २बी उतरवून घ्यावीत, आणि मगच त्या माणसाला जाब विचारावा, कारण लॉगिन अजून त्याच्याकडे असेल तर पासवर्ड बदलायला त्याला काही क्षण पुरतात.