डीलरने काम बिघडवलं: तिथेच भांडायचं, दुसरा डीलर गाठायचा, की आपला मिस्त्री?

पेड सर्व्हिसचं भरभक्कम बिल भरून गाडी घरी आणावी आणि आठवड्यात ब्रेकचा तोच आवाज परत सुरू व्हावा. किंवा नवी टाकलेली क्लच प्लेट पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढाला घसरायला लागावी. फोन केला की डीलरचा सर्व्हिस अॅडव्हायजर म्हणतो, "सर, घेऊन या, बघून घेऊ." गाडी नेली की ती धुऊन परत येते, आवाज तसाच. मग घरात तीन मतं पडतात: तिथेच जाऊन भांडा, कोल्हापूरच्या डीलरकडे न्या, नाहीतर डीलरचा नाद सोडा आणि शंभर फुटी रस्त्यावर आपल्या मिस्त्रीकडे लावा. सांगली-मिरजेत गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, म्हणून तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

माझं मत आधीच सांगतो. डीलरकडे जास्तीचे पैसे आपण कागदासाठी मोजतो, मिस्त्रीकडे हातासाठी. डीलरच्या शेडमध्ये तुमच्या गाडीवर कालच लागलेला पोरगाही काम करत असू शकतो, आणि ते तुम्हाला कळतसुद्धा नाही. पण तिथे जॉब कार्ड असतं, म्हणजे गाडी लावताना तक्रार आणि काम लिहिलेला कागद, पार्ट नंबरसकट बिल असतं आणि मागे कंपनी असते. हा कागद हातात न घेताच रागाने डीलर सोडला, तर ज्याचे पैसे भरले तेच तिथे टाकून आलो असं होतं.

वॉरंटी शिल्लक असेल तर

इथे तुलना फक्त पहिल्या दोन वाटांची. मिस्त्री कितीही हुशार असला तरी वॉरंटीतला पार्ट फुकट बदलून देणं त्याच्या हातात नाही. शिवाय वॉरंटी आता लांबली आहे. मारुतीने जुलै 2024 पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी 2 वर्षं किंवा 40,000 किलोमीटरवरून 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर केली. इतक्या काळाचं संरक्षण एका भांडणापायी घालवू नये.

तिथेच भांडायचं ठरवलं तर पहिली लढाई जॉब कार्डवर होते. तुम्ही सांगता, "थंड इंजिनला दुसऱ्या गिअरला डावीकडून खडखड येते." अॅडव्हायजर लिहितो, "जनरल चेकअप." तिथेच थांबवा. तुमच्या शब्दांत लिहून घ्या, आधी याच तक्रारीसाठी गाडी आली होती तो जुना जॉब कार्ड नंबर त्यात टाकायला लावा आणि फोटो काढा. पुढे कंपनीशी किंवा ग्राहक आयोगापुढे बोलताना "तीच तक्रार वारंवार" हे सिद्ध करणारा यापेक्षा चांगला पुरावा नसतो. गाडी परत घेताना अॅडव्हायजरला शेजारी बसवून चक्कर मारा, मगच गेटपासवर सही करा.

डीलरवर दबाव आणायची आणखी एक जागा आहे आणि लोक ती सहज सोडून देतात. सर्व्हिसनंतर कंपनीकडून फोन येतो, आणि त्याआधी अॅडव्हायजर विनवतो, "सर, दहापैकी दहा द्या." त्या आकड्यावर त्याचं आणि डीलरचं बरंच काही अवलंबून असतं. काम झालं नसेल तर संकोच न करता खरं सांगा. अॅडव्हायजर ऐकत नसेल तर वर्क्स मॅनेजरला भेटा, आणि त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला जॉब कार्ड नंबर घालून मेल करा. डीलरकडे तोंडी केलेली तक्रार कंपनीपर्यंत पोचतेच असं नाही.

दुसऱ्या डीलरकडे जाण्याचा फायदा असा की वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे कोल्हापूर, कराड, सातारा, कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये ती चालते आणि गाडीचा इतिहास त्यांना सिस्टिमवर दिसतो. तोटे दोन. एक, दुसरा डीलर पहिल्याची चूक लेखी द्यायला सहसा राजी नसतो. तो दुरुस्त करून देईल, पण "आधीच्यांनी चुकीचं बसवलं होतं" असं लिहिणार नाही. दोन, आपल्या भागात बऱ्याचदा सांगली, कोल्हापूर आणि कराडच्या शोरूम एकाच मालकाच्या असतात. पन्नास किलोमीटर गाडी हाणून त्याच घरात तक्रार न्यायची, याला अर्थ नाही. जाण्याआधी दोन्हीकडच्या बिलांवरचा जीएसटी नंबर ताडून बघा. नंबर एकच असेल तर फर्मही एकच. फर्म वेगळी असेल आणि पहिल्याने दोनदा हात टेकले असतील, तर माझा कौल दुसऱ्या डीलरला. तिसऱ्यांदा त्याच शेडमध्ये गाडी लावण्यात दिवस जातात आणि वॉरंटीही सरत जाते.

"बाहेर हात लावला तर सगळी वॉरंटी रद्द" हे वाक्य प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येतं. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्याबद्दलच. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, काही कंपन्यांचा दंड बदलला, आणि पुस्तिकांमधल्या अटी अजून कडकच असतात. त्यामुळे वॉरंटीत ऑइल-फिल्टरची ठरलेली सर्व्हिस बाहेर करा असं मी म्हणणार नाही. पण बाहेर टायर किंवा बॅटरी बदलली म्हणून कुणी इंजिनची वॉरंटी नाकारत असेल, तर ते लेखी मागा.

वॉरंटी संपल्यावर

इथे मिस्त्री मैदानात येतो. सस्पेन्शन, बुश, ब्रेक, क्लच, कूलंटची गळती, वायरिंगचा लपंडाव, अशा कामांत चांगला मिस्त्री डीलरपेक्षा सरस ठरतो. तो आवाज ऐकून बुश ओळखतो आणि फक्त बुश बदलतो, डीलर अख्खा लोअर आर्म सुचवतो. इंजिन उघडायचं असेल तर लेथ आणि बोअरिंगचं काम कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातं आणि तिथले हात तयार आहेत. डीलरच्या बिलात थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग असल्या जोडकामांची जी भर पडते, तीही टळते.

मात्र एअरबॅग, सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे), एबीएसचं युनिट, चावीचं प्रोग्रॅमिंग आणि 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलमधले इंजेक्टर व डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), ही कामं मी डीलरकडेच करीन. गॅरेजचा स्कॅनर कोड वाचतो. नवा पार्ट गाडीला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर बहुतेकदा कंपनीच्याच साधनात असतं.

मल्टीब्रँड वर्कशॉप या दोघांच्या मधे बसतं. पक्कं बिल मिळतं, लेबर डीलरपेक्षा कमी, पण एकाच मॉडेलवर बसलेला हात तिथे सापडेलच असं नाही.

पार्ट कुठला पडला

खरा घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू. बाजारात चार प्रकारचा माल असतो. कार कंपनीच्या डब्यातला जेन्युइन. त्याच कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकाने स्वतःच्या डब्यात विकलेला, ज्याला दुकानदार ओई म्हणतात: बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल, लुमॅक्स, मिंडा, एसकेएफ ही त्यातली ओळखीची नावं. मग लोकल, म्हणजे स्वतःच्या नावाने बनवलेला स्वस्त माल. आणि शेवटी डुप्लिकेट, म्हणजे जेन्युइनचा डबा नकलून आत काहीही भरलेला. लोकल निदान आपण कोण ते सांगतो. डुप्लिकेट खोटं बोलतो, आणि ब्रेक पॅडच्या बाबतीत हे खोटं जिवावर बेतू शकतं.

जेन्युइनची खात्री डीलरकडे जास्त हे खरं. पण डीलरकडे वेगळीच फसगत होऊ शकते: बिलात पार्ट आहे, गाडीत तो बदललेलाच नाही. त्यावर उपाय, पैसे भरून बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागायचा, आणि ही मागणी गाडी लावतानाच जॉब कार्डवर लिहायची. वॉरंटीत फुकट बदललेला पार्ट कंपनी परत घेते, तो मिळत नाही. पेडचा मिळायला हवा.

मिस्त्रीकडची अडचण उलटी. पार्ट तो ज्या दुकानातून आणतो तिथे त्याचं कमिशन असू शकतं, आणि बिल कच्चं असतं. स्वतः दुकानात जाऊन पार्ट घेतलात तर डब्यावरची एमआरपी, उत्पादकाचं नाव, महिना-वर्ष आणि पार्ट नंबर बघता येतो, पक्कं बिल मिळतं. मग मिस्त्री म्हणतो, "साहेब, पार्ट तुमचा, जबाबदारी तुमची." त्याचंही चुकत नाही. ब्रेक, क्लच, टायमिंग बेल्टसारख्या भारी पार्टपुरता मी स्वतः दुकानात जाण्याच्या बाजूने आहे. बल्ब-फ्यूजसाठी एवढा खटाटोप नको.

बिल बघताना एक आकडाही तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के झाला आहे, आधी बऱ्याच भागांवर 28 होता.

पुराच्या गाड्या

2019 आणि 2021 पाहिलेल्या सांगलीकराला हे सांगायला नको, तरी लिहितो. इंजिनपर्यंत पाणी चढलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर नसेल तर विमा कंपनी सहसा नाकारते. गाडी टो करून डीलरकडेच न्या. कॅशलेस क्लेम, विम्याच्या सर्व्हेअरची तपासणी, पार्टच्या किमतीची यादी, हे सगळं तिथे सोपं जातं. या एका बाबतीत मिस्त्री आणि डीलर अशी तुलनाच होत नाही.

वरपर्यंत जायचं ठरलं तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथे निकाल लागत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत नोंद होऊन पोचते आणि पुष्कळदा तेवढ्यावर वर्क्स मॅनेजरचा फोन येतो. भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायला हवं. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जिल्हा आयोगाची हद्द 50 लाखांपर्यंत आहे आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं, त्यामुळे गाडी पुण्यातून घेतली असली तरी दावा सांगलीत चालतो.

डीलर आणि कंपनी दोघांना प्रतिवादी करा, पण दोघांवरचे आरोप वेगळे मांडा. 2021 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीलरने स्वतंत्रपणे केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती असल्याचं दाखवलं नाही, तर कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. कस्टमर केअरला केलेला तो मेल इथे उपयोगी पडतो, कारण कंपनीला माहिती होती हे त्यातून दिसतं.

सदोष पार्टचा दावा असेल तर आयोग तो प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. म्हणून निकालापर्यंत गाडी उभी ठेवणं परवडत नसेल आणि मिस्त्रीकडून काम करून घ्यायचं असेल, तर आधी डीलरला लेखी कळवा, उघडतानाचे फोटो-व्हिडिओ काढा, मिस्त्रीकडून त्याच्या लेटरहेडवर काय सापडलं ते तारखेसह लिहून घ्या, आणि काढलेला पार्ट न पुसता, न धुता पिशवीत बांधून घरी ठेवा.