१९६४ ची शेरी कास्क म्हणून गळ्यात मारलेली बाटली

यूकेत राहणाऱ्या आणि जुन्या सिंगल माल्ट व्हिस्कीचा (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून केलेली) नाद असलेल्या आपल्या लोकांनी हे वाचाच, कारण मला खोटी बाटली विकणारा माणूस अजून विकतोय. पस्तिशीचा, बोलायला एकदम गोड, ओळखीच्या ओळखीतून येतो आणि आजोबांच्या तळघरात सापडल्या म्हणून बाटल्या दाखवतो.

मला त्याने स्पेसाईडच्या (स्कॉटलंडमधला व्हिस्कीसाठी प्रसिद्ध भाग) एका नामांकित डिस्टिलरीची शेरी कास्क, म्हणजे शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की, विकली, १९६४ ला गाळलेली, १९८३ ला बाटलीत भरलेली, आजोबांनी म्हणे इथेच स्कॉटलंडमध्ये दुकानातून घेतलेली. ११०० पाउंड, सरळ बँक ट्रान्सफर. रंग बघाल तर कोऱ्या चहासारखा, आणि खेळ इथेच असतो. पूर्वी शेरी स्पेनहून लाकडी पिंपांतूनच ब्रिटनला यायची, रिकामी पिंपं स्कॉचवाले उचलायचे, ऐंशीच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद व्हायला लागली आणि ती पिंपं संपली, त्यामुळे आधीच्या मालासाठी लोक वेडे होतात. पण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरामल घालायला कायद्यानेच परवानगी आहे, तेव्हा गडद म्हणजे जुनी असं काही नसतं हो.

किंमत काढायला एका लिलाववाल्यांना फोटो पाठवले तर दोन ओळींत नकार. लेबलवर ७० सीएल (सेंटिलिटर, म्हणजे ७०० मिली) लिहिलंय. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये विकायची बाटली ७५ सीएलची असायची, ७० सीएल आली नव्वदीच्या सुरुवातीला, मग ८३ ची बाटली ७० सीएलची कशी? शिवाय इतक्या वर्षांत बुचातून थोडी तरी उडते, लेव्हल खाली येते, ही गळ्यापर्यंत टम्म भरलेली.

मग फोडलीच. खऱ्या जुन्या शेरीवाल्या माल्टला मनुका, अक्रोड, संत्र्याची साल, जुन्या लाकडाच्या कपाटाचा वास, आणि घोट गेल्यावर चव कितीतरी वेळ जिभेवर राहते. हिच्यात नुसता गोडसर भपका आणि घशाला चटका, पुढे काही नाही. सरळसरळ स्वस्तातली ब्लेंड, म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कीची मिसळ.

आणि हे फक्त माझ्यासारख्यांचंच होतं असं नाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमध्ये एका पाहुण्याने १८७८ ची मॅकॅलन म्हणून एका पेगला जवळजवळ १०,००० फ्रँक मोजले, कार्बन डेटिंग केल्यावर ती १९७० च्या आसपासची निघाली आणि सिंगल माल्टसुद्धा नव्हती. (त्या हॉटेलवाल्याने निदान पैसे तरी परत दिले.) २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॅबने ५५ जुन्या बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या.

रिकाम्या बाटल्या इथे ऑनलाइन चांगल्या भावात विकल्या जातात, त्या कशाला लागत असतील? आपल्याकडे इंपोर्टेडची रिकामी बाटली फोडून टाका असं सांगतात ते उगाच नाही.

पैसे मागितले तर म्हणाला लेबल नंतर बदललं असेल, मग ब्लॉक. बँक म्हणते तुम्हीच पाठवलेत. पोलिसांना १०१ वर (तातडीच्या नसलेल्या तक्रारींचा नंबर) कळवलंय, बघू.

असली बाटली दाखवली कोणी तर आधी लेबलवरच्या सीएलच्या आकड्याचा, लेव्हलचा आणि बुचावरच्या सीलचा जवळून काढलेला फोटो मागा, द्यायला टाळाटाळ झाली की समजा. आणि पुण्याला जाताना ड्युटी फ्रीच्या दोन लिटरमध्ये मित्रासाठी असलं काही न्यायचा विचार असेल तर लायसन्स असलेल्या दुकानातून किंवा लिलावातूनच घ्या, बिलासकट. परवाच एकाने मला विचारायला फोटो पाठवला, विकणारा तोच, साल आता १९६७ आणि खाली परत ७० सीएल.